पुन्हा मोजायचं की पुढे जायचं?

मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेत दुसरा अटेम्प्ट कधी शहाणपणाचा ठरतो

कॅटचा निकाल लागला की अनेक घरांत एक विचित्र पेच उभा राहतो. निकाल वाईट नसतो. 94 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभरांतल्या चौऱ्याण्णवांच्या पुढे. नातेवाईक अभिनंदनाचे फोन करतात. पण ज्या संस्थेसाठी वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला, तिथून मुलाखतीचा कॉल येण्याची चिन्हं दिसत नाहीत. वडील म्हणतात, मिळेल तिथे प्रवेश घे. मित्र म्हणतो, एक अटेम्प्ट अजून दे. क्लासकडून पुढच्या बॅचचं वेळापत्रक आलेलं असतं. पुण्या-मुंबईत नोकरी करत जीमॅट देणाऱ्यांचा पेच थोडा वेगळा दिसतो, पण प्रश्न तोच असतो. समजा दोघांना जीमॅटमध्ये 615 गुण मिळाले आणि दोघांना एकाच संस्थेत अर्ज करायचा आहे. त्यातल्या एकाने पुन्हा परीक्षा देणं अगदी योग्य आणि दुसऱ्याने देणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं घडू शकतं. गुण सारखे असूनही सल्ला उलटा कसा?

बहुतेक जण गुण किती कमी पडले हे बघून ठरवतात. हा आकडा डोळ्यांत खुपतो, पण निर्णयाला फारसा उपयोगी पडत नाही. पुन्हा परीक्षा देणं म्हणजे पुन्हा मोजून घेणं. दुसऱ्यांदा मोजल्याने कुणाची उंची वाढत नाही. पहिलं मोजमाप चुकलं असेल किंवा दरम्यान उंची खरोखर वाढली असेल, तरच आकडा बदलतो. म्हणून विचारायला हवेत ते प्रश्न तीन: पहिल्या वेळी मोजण्यात चूक झाली होती का, त्यानंतर आपल्यात काय बदललं, आणि बदललेला आकडा आपल्या अर्जात किती वजनाचा आहे. त्यांची उत्तरं शोधण्यासाठी आधी गुण कसे तयार होतात ते पाहू.

गुणांच्या आत दडलेली चूक

डॉक्टरांकडे रक्तदाब मोजला आणि तो 142 निघाला, तर चांगला डॉक्टर तेवढ्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही. रुग्ण जिना चढून आला असेल, घाबरला असेल, रात्री झोपला नसेल. थोडं बसवून पुन्हा मोजतात, दुसऱ्या दिवशी बोलावतात. रक्तदाबाची एक खरी सर्वसाधारण पातळी असते आणि यंत्रावर दिसणारा आकडा तिच्या आसपास वर-खाली होत राहतो. प्रवेश परीक्षेचे गुणही असेच असतात. आपली एक खरी पातळी असते. त्या दिवशीची झोप, आलेले प्रश्न, केलेले अंदाज यांनी गुण तिच्या थोडे वर किंवा थोडे खाली जातात.

या हेलकाव्याला मापनाची प्रमाण चूक म्हणतात. प्रश्नपत्रिकेत किंवा तपासणीत कुणी चूक केली, असा याचा अर्थ नाही. कोणत्याही मोजमापात असणारी ही अपरिहार्य अनिश्चितता आहे. जीमॅट 205 ते 805 या पट्टीवर मोजली जाते आणि तिच्या एकूण गुणांत ही चूक साधारण 30 ते 40 गुणांची असते. म्हणजे 615 हा आकडा एका टोकदार बिंदूसारखा दिसला, तरी तो प्रत्यक्षात अंदाजे 580 ते 650 असा पट्टा आहे. दोन वेळच्या गुणांची तुलना करताना अनिश्चितता आणखी वाढते, कारण दोन्ही वेळची चूक त्यात मिसळते. त्यामुळे दुसऱ्या वेळी 20 गुण वाढले म्हणून अभ्यासाला यश आलं, किंवा 20 घटले म्हणून आपली बुद्धी मंदावली, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. एवढा फरक काहीही न बदलतासुद्धा पडू शकतो.

कॅटमध्ये हा हेलकावा कसा येतो ते 2024 च्या परीक्षेवरून दिसतं. तिच्यात तीन विभागांत मिळून 68 प्रश्न होते, प्रत्येक विभागाला 40 मिनिटं, आणि एका विभागाचा वेळ दुसऱ्याला देता येत नव्हता. विदा-विश्लेषण आणि तर्क या विभागात प्रश्न सुटे नसतात. एक तक्ता किंवा कोडं, आणि त्यावर चार-पाच प्रश्न, असे संच असतात. बरोबर उत्तराला 3 गुण आणि पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला उणे 1. उमेदवाराने सुरुवातीला एक अवघड संच निवडला, त्यात पंधरा मिनिटं घालवली आणि तो सुटला नाही, तर बारा-पंधरा गुण हातचे जातात; शिवाय पुढच्या सोप्या संचालाही वेळ उरत नाही. ज्ञान तेच, तयारी तीच, पण एका निवडीने निकालाचा चेहरा पालटतो.

सरासरीकडे परतणारा निकाल

आता सुरुवातीचं कोडं सोडवता येईल. पहिल्या उमेदवाराने परीक्षेआधी दिलेल्या सराव चाचण्यांत 645, 655, 645, 665 असे गुण मिळवले होते. दुसऱ्याचे सरावातले गुण 575, 595, 585, 595 असे होते. परीक्षेत दोघांनाही 615. पहिल्याचा निकाल त्याच्या नेहमीच्या पातळीखाली आहे, दुसऱ्याचा वर. काही न बदलता दोघेही पुन्हा बसले, तर पहिल्याचे गुण वाढण्याची आणि दुसऱ्याचे घटण्याची शक्यता जास्त आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची आकडेवारी मांडताना हा कल दाखवला होता. फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नसतात. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीच्या दिशेने सरकतं, कारण टोकाला पोहोचायला थोडा योगायोगाचा हात लागलेला असतो आणि तो योगायोग पुढच्या वेळी हजर असेलच असं नाही.

म्हणून दुसऱ्या अटेम्प्टचा पहिला निकष हा: निकाल आपल्या सरावातल्या पातळीपेक्षा स्पष्टपणे खाली आहे का? मात्र त्यासाठी सराव प्रामाणिक हवा. घड्याळ लावून, मध्ये न थांबता, आधी न पाहिलेल्या प्रश्नांवर आणि परीक्षेच्याच वेळी दिलेल्या चाचण्याच मोजमाप म्हणून धरायच्या. जीमॅटसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत सराव चाचण्या मिळतात, त्यातल्या दोन मोफत असतात. एक चाचणी दोनदा सोडवून मिळालेले गुण किंवा चहासाठी उठून पूर्ण केलेली चाचणी या हिशेबात घेऊ नये.

इथे एक बारकावा आहे. काही जणांचे सरावातले गुण नेहमी चांगले असतात आणि परीक्षेच्या खोलीत मात्र दर वेळी घात होतो. असं एकदा झालं तर तो योगायोग म्हणता येईल. दोन-तीनदा झालं तर घाबरणं हाही त्या उमेदवाराच्या पातळीचाच भाग झाला. त्याच्यावर स्वतंत्र उपाय केल्याशिवाय पुन्हा बसण्यात अर्थ नाही.

पुन्हा बसल्याने किती वाढ होते?

जॉन हॉसक्नेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये पुन्हा दिलेल्या बौद्धिक चाचण्यांवरच्या 50 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात 1 लाख 34 हजारांहून जास्त लोकांचे निकाल होते. पुन्हा चाचणी देणाऱ्यांचे गुण सरासरीने प्रमाण विचलनाच्या सुमारे 0.26 पट वाढल्याचं त्यांना आढळलं. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचं माप. साध्या भाषेत, शंभर जणांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेला माणूस या वाढीमुळे मागून साधारण साठाव्या जागी येईल. वाढ खरी आहे, पण तिने चमत्कार होत नाही. शिवाय चाचणीसोबत प्रशिक्षण मिळालं तेव्हा ती जास्त होती, आणि तीच प्रश्नपत्रिका पुन्हा आली तेव्हाही जास्त होती. प्रवेश परीक्षेत तेच प्रश्न परत येत नाहीत. मग आपल्या हातात उरतं ते प्रशिक्षण, म्हणजे नेमका दोष ओळखून केलेला अभ्यास.

तो दोष ओळखण्याचं साधन प्रत्येकाला उपलब्ध आहे. कॅटनंतर उमेदवाराला त्याची उत्तरपत्रिका आणि अधिकृत उत्तरं पाहायला मिळतात. जीमॅटच्या अहवालात विभागवार कामगिरी आणि वेळेचा वापर दिसतो. चुकलेला आणि सोडून दिलेला प्रत्येक प्रश्न तीन खणांत टाकून पाहावा. पहिला खण अपघाताचा: प्रश्न येत होता, पण घाईत वाचला, आकडा चुकला, वेळ चुकीच्या ठिकाणी गेला. दुसरा खण उणिवेचा: संकल्पनाच पक्की नव्हती, उदाहरणार्थ संभाव्यता किंवा लांब उताऱ्यातला युक्तिवाद. तिसरा खण मर्यादेचा: अनेक महिने त्यावर मेहनत घेतली आहे, तरी वेग वाढत नाही.

पहिला खण भरलेला असेल तर थोड्या सरावानिशी पुन्हा बसणं योग्य. दुसरा भरलेला असेल तर आधी त्या उणिवेसाठी लागणारे तास मोजावेत आणि ते आपल्या वेळापत्रकात खरोखर आहेत का ते पाहावं. दिवसाचे दहा तास कामावर आणि प्रवासात जात असतील, तर ‘रोज चार तास अभ्यास करीन’ हा संकल्प कागदावरच राहतो. तिसरा खण भरलेला असेल तर पुढचे महिने अर्जाच्या इतर भागांना देणं जास्त फळेल. हे मान्य करायला जड जातं, पण त्यात कमीपणा काहीच नाही.

पर्सेंटाइलची पायरी वर जाताना उंच होते

कॅटबाबत आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. ती रांगेतली जागा आहे. 2024 मध्ये सुमारे 2 लाख 93 हजार जणांनी कॅट दिली. 94 पर्सेंटाइलच्या पुढे त्यातले सुमारे 17,600 जण होते आणि 99 च्या पुढे 2,900. म्हणजे 94 वरून 99 ला जायचं तर साडेचौदा हजारांहून जास्त लोकांना मागे टाकावं लागतं. 50 वरून 55 ला जातानाही तितक्यांनाच मागे टाकावं लागतं. तरीही दुसरं काम सोपं आणि पहिलं अवघड.

मुंबई मॅरेथॉनचं चित्र डोळ्यांपुढे आणा. मधल्या गर्दीत धावणाऱ्याने आपली वेळ एका मिनिटाने सुधारली तर तो बऱ्याच जणांना मागे टाकतो, कारण तिथे धावपटू दाटीवाटीने धावत असतात. आघाडीवर माणसं विरळ असतात, आणि तेच एक मिनिट वाचवून एखाद-दुसराच मागे पडतो. कॅटमध्येही मध्यावर थोडे गुण वाढले की पर्सेंटाइल झपाट्याने चढतं आणि टोकाला त्याच्या कितीतरी पट गुण लागतात. त्यामुळे ‘फक्त पाचच पर्सेंटाइल वाढवायचे आहेत’ हे वाक्य आपण रांगेत कुठे उभे आहोत ते सांगितल्याशिवाय अर्थहीन आहे. पुढच्या वर्षी रांगही नवी असते, आणि पुन्हा परीक्षा देणारे इतरही तिथे जास्त तयारीने उभे असतात. म्हणून हिशेब पर्सेंटाइलमध्ये करू नये, प्रश्नांत करावा: आणखी किती प्रश्न, कोणत्या विभागातले, बरोबर यायला हवेत?

आकड्याचं वजन संस्थेगणिक बदलतं

मिळणारी वाढ कामाची आहे का, हे आपण कुठे अर्ज करतो यावर ठरतं. महाराष्ट्रात सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या एमबीएच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या निकालावर लागते, मुलाखत होत नाही. मुंबई विद्यापीठाच्या 1965 मध्ये सुरू झालेल्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी जाऊ पाहणाऱ्यासाठी तिथे पर्सेंटाइलचा लहानसा अंशही मोलाचा असतो. आयआयएममध्ये मात्र कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि पुढे मुलाखत यांनाही वजन असतं, आणि ते वजन प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. दहावी-बारावीचे गुण आता बदलता येत नाहीत. एखाद्या संस्थेच्या सूत्रात ते फार जड असतील, तर कॅटमधली थोडी वाढ ती तूट भरून काढत नाही. अशा वेळी परीक्षा बदलण्याआधी संस्थांची यादी बदलून पाहावी.

कट-ऑफ हा वाड्याच्या दाराचा उंबरा समजा. उंबऱ्याबाहेर असाल तर आत काय आहे याला महत्त्व नाही. उंबरा ओलांडला की घरातले लोक बाकीच्या गोष्टी पाहू लागतात. एकूण पर्सेंटाइल उत्तम असूनही एका विभागाचा कट-ऑफ हुकला तर कॉल येत नाही. अशा उमेदवाराला दुसरा अटेम्प्ट सर्वांत जास्त फायद्याचा असतो, कारण त्याला एकच उंबरा ओलांडायचा असतो. उलट, जीमॅटचे गुण एखाद्या परदेशी संस्थेच्या प्रसिद्ध सरासरीपेक्षा दहा-वीसने कमी आहेत म्हणून झोप उडवून घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: सरासरी म्हणजे किमान पात्रता नव्हे. प्रवेश मिळालेल्यांपैकी कितीतरी जण तिच्या खाली असतात, म्हणून तर ती सरासरी होते. त्याच्यासाठी निबंध, शिफारसपत्रं आणि कामातली ठोस कामगिरी यांवर दिलेला महिना जास्त उपयोगी पडू शकतो.

किंमत: सोळा दिवस की एक वर्ष?

दुसऱ्या अटेम्प्टची किंमत परीक्षेगणिक वेगळी आहे. जीमॅट 16 दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा. गुण पाच वर्षं चालतात, आणि ते पाहून मगच कोणत्या संस्थेला पाठवायचे हे ठरवता येतं. सिम्बायोसिसच्या स्नॅपमध्ये एकाच हंगामात एकापेक्षा जास्त वेळा बसता येतं आणि सर्वोत्तम गुण धरले जातात. कॅट मात्र वर्षातून एकदाच, नोव्हेंबरमध्ये होते. तिथे पुन्हा बसणं म्हणजे एमबीए एक वर्ष पुढे ढकलणं.

जीमॅटच्या उमेदवाराने मोजणी उलट्या दिशेने करावी. आधी अर्जाची शेवटची तारीख, तिच्या आधी निबंधांसाठी लागणारे आठवडे, त्यांच्याही आधी अभ्यासाचे आठवडे. परीक्षा या हिशेबात बसत नसेल, तर घाईचा अर्ज आणि थोडे जास्त गुण, किंवा विचारपूर्वक अर्ज आणि आहेत ते गुण, यांतून निवड करावी लागते. कॅटच्या उमेदवाराला निकालाच्याच आठवड्यात काही ठरवायची गरज नसते. पुढच्या परीक्षेची नोंदणी ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. तोवर आलेल्या सगळ्या कॉल्सच्या मुलाखती मनापासून द्याव्यात, हातात कोणत्या जागा आहेत ते पाहावं आणि मग तुलना करावी. नोकरी सोडून ड्रॉप घेण्यापेक्षा नोकरीत राहून पुन्हा बसण्यात जोखीम कमी असते. त्या वर्षाचा अनुभव अर्जातही जमा होतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: सर्वोत्तम गुणच धरले जाणार असतील, तर पुन्हा बसण्यात नुकसान कसलं? गुणांचं नुकसान नाही, हे खरं. पण वेळ परत मिळत नाही. फीचे पैसे जातात आणि थकलेलं मन मुलाखतीत दिसतं. ‘पुढच्या वेळी नक्की’ या आशेवर अर्जच पुढे ढकलला जातो, हे नुकसान सर्वांत मोठं आणि ते कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सगळे हिशेब मांडून आपण जिद्दीवर पाणी ओतत नाही का? अनेकांना यश तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात मिळतं. मिळतं, आणि त्या चिकाटीचा आदर वाटायलाच हवा. फक्त यशस्वी झालेल्यांचीच कथा आपल्या कानावर येते. तितक्याच जिद्दीने बसून त्याच जागी राहिलेल्यांची येत नाही. शेतकरी दुबार पेरणी करतो तेव्हा पहिली का गेली याचा आधी विचार करतो. पाऊस लांबला म्हणून गेली असेल तर तेच बियाणं पुन्हा चालतं. बियाणंच खराब असेल तर तेच पुन्हा पेरण्याला जिद्द म्हणता येणार नाही. काय बदलणार आहे हे एका वाक्यात सांगता येत असेल, तर दुसरा प्रयत्न जरूर करावा.

थोडक्यात

• निकाल प्रामाणिक सरावाच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे खाली असेल, तर पुन्हा बसावं. पातळीइतका किंवा वर असेल, तर आधी काय बदलणार ते ठरवावं.
• चुका तीन खणांत वाटाव्यात: अपघात, उणीव, मर्यादा.
• वाढ पर्सेंटाइलमध्ये मोजू नये. किती प्रश्न वाढायला हवेत ते लिहावं.
• ज्या संस्थांत अर्ज करायचा त्यांच्या सूत्रात परीक्षेचं वजन किती आणि कोणता कट-ऑफ हुकला, हे पाहावं.
• जीमॅटसाठी अर्जाच्या तारखेपासून मागे मोजावं; कॅटसाठी मुलाखती संपेपर्यंत निर्णय राखून ठेवावा.

94 पर्सेंटाइलच्या त्या घरात वडील आणि मित्र दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कोण बरोबर ते एकट्या 94 या आकड्यावरून ठरणार नाही. सरावाच्या चाचण्या, चुकांचे तीन खण आणि संस्थांची यादी टेबलावर मांडून तिघांनी एक संध्याकाळ शांतपणे बोलावं. त्या संध्याकाळी जो निर्णय होईल त्याची कारणं मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या शब्दांत सांगता आली, तर पुढचं वर्ष वर्गात जावो की अभ्यासिकेत, ते पश्चात्तापात जाणार नाही.